कबुतरं, फुप्फुसं आणि सर्वसाधारण सभा: संशोधनावर भार किती टाकावा?

कोलशेतकर (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा तोंडावर आली आहे. पार्किंग, लिफ्ट, गळती हे नेहमीचे यशस्वी कलाकार या वेळी मागे पडलेत आणि अजेंड्यावर पहिला विषय आहे कबुतरांचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. एका तटाच्या मते डक्टमधलं प्रत्येक कबुतर म्हणजे फुप्फुसाचा रोग. दुसऱ्या तटाचं म्हणणं, आम्ही तीन पिढ्या दाणे टाकतोय, आमच्या आजीला नव्वदीपर्यंत साधा खोकला झाला नाही. ‘संशोधनात सिद्ध झालंय’ म्हणत दोन्हीकडून लिंका येतात. कमिटीने मला दोन पानी टिपण करायला सांगितलंय, कारण मी ‘वाचतो’ अशी माझी बदनामी आहे.

वाचलं त्यातलं मुख्य असं. कबुतरं पाळणाऱ्यांना होणारा फुप्फुसाचा आजार अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६५ सालीच नोंदवला होता. तेव्हा हा काही व्हॉट्सॲपने लावलेला शोध नाही. आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. भारतात सगळे जिचा हवाला देतात ती राष्ट्रीय नोंदवही २०१७ साली प्रसिद्ध झाली: १९ शहरं, २७ केंद्रं, १०८४ रुग्ण, आणि त्यातले ४७.३ टक्के या आजाराचे. आमच्या ग्रुपवर हाच आकडा ‘४७ टक्के लोकांना कबुतरांमुळे आजार’ असा फिरतोय. हे चूक आहे इतपत मला कळतं. पण बरोबर काय, ते सभेत कसं मांडू?

श्वासमात्र

छातीविकाराची प्रॅक्टिस ठाण्यातच आहे म्हणून लिहितो. त्या १०८४ जणांना फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांभोवतीच्या ऊतींचा (इंटरस्टिशियल) कुठला ना कुठला आजार आहे हे ठरल्यावरच नोंदवहीत घेतलं होतं. म्हणजे ४७.३ टक्के हे त्या रुग्णांपैकी, रस्त्यावरच्या लोकांपैकी नव्हेत.

आता गंमत ऐका. त्या ४७ टक्क्यांमधल्या जवळपास निम्म्या लोकांच्या, नेमकं सांगायचं तर ४८.१ टक्के लोकांच्या, घरात संशयित कारण सापडलं ते होतं एअर कूलर. पाण्याची टाकी, ओलं गवत, त्यावर बुरशी आणि तोंडावर पंखा. कबुतरंही यादीत होती, पण पहिला नंबर कूलरचा. ही गोष्ट तुमच्या दोन्ही तटांनी एकमेकांना सांगितलेली दिसत नाही.

पुढची गंमत. चंदीगडच्या पीजीआयमधली दुसरी नोंदवही २०१८ साली आली, ८०३ रुग्णांची. तिथे सार्कॉइडोसिस हा वेगळाच आजार ४२ टक्के आणि आपला हा आजार जेमतेम ११ टक्के. देश तोच, काळही जवळपास तोच. फरक का? एकीकडे अनेक शहरांतले रुग्ण, दुसरीकडे एकच मोठं रुग्णालय. तिथे कोण पोहोचतं, निदानाचे निकष काय, बायोप्सी किती जणांची होते, प्रश्नावलीत काय विचारतात, या सगळ्यावर टक्केवारी हलते. त्यामुळे ‘भारतात इतके टक्के’ हे वाक्य टिपणात घालूच नका.

घालायचं ते हे. कबुतराच्या विष्ठेतली आणि पिसांवरच्या पावडरीतली प्रथिनं श्वासावाटे आत गेली की काही लोकांची रोगप्रतिकारशक्ती त्यांच्यावर बिथरते. सगळ्यांची नाही, म्हणून तर आजी नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिल्या. कुणाची बिथरेल हे आधी सांगता येत नाही. तीव्र प्रकारात संपर्कानंतर चार ते आठ तासांत ताप, खोकला, अंगदुखी येते. दोन दिवसांत बरं वाटतं, आणि माणूस त्याला व्हायरल समजून सोडून देतो. वाईट प्रकार तो संथपणे येणारा: कोरडा खोकला, जिना चढताना धाप, वजन उतरणं. फुप्फुसावर व्रण धरले की ते जात नाहीत. निन्टेडॅनिब नावाचं औषध आहे. फुप्फुसावर व्रण वाढत चाललेल्या ६६३ रुग्णांच्या २०१९ च्या चाचणीत औषध न घेणाऱ्यांची फुप्फुसाची क्षमता वर्षाला साधारण १८८ मिलिलिटरने घटली, औषध घेणाऱ्यांची ८१ मिलिलिटरने. घट मंदावली, थांबली नाही. उपचारातला पहिला भाग म्हणजे कारण घरातून घालवणं, आणि तेही सोपं नाही. पक्षी हलवल्यावर दीड वर्षानेसुद्धा घरात ही प्रथिनं सापडल्याची नोंद आहे.

टपरीबाज

डॉक्टर, म्हणजे सिगारेट ओढणाऱ्यांना हा आजार कमी होतो हे खरं की आमच्या टपरीवरची अफवा?

श्वासमात्र

खरं आहे, आणि म्हणूनच लिहिलं नव्हतं. धूम्रपान करणाऱ्यांत या आजाराचं प्रमाण कमी दिसतं, पण झालाच तर चित्र अधिक वाईट असतं. आणि बाकीचे आजार रांगेत उभे असतातच. या माहितीचा टपरीवर उपयोग करू नये ही विनंती.

नौपाडेवाली

प्रतिसाद आवडला डॉक्टर. पण माहिती देऊन काही होत नाही हा माझा अनुभव. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू रोज सकाळी ज्वारी टाकतात. त्यांना लेख दाखवला, डॉक्टरांचा व्हिडिओ दाखवला, तर दुसऱ्या दिवसापासून दोन वाट्या टाकायला लागल्या. मानसशास्त्रात याला नाव आहे ना काहीतरी? पुरावा दाखवला की माणूस उलट जास्त घट्ट होतो म्हणे.

मनोगती

बॅकफायर इफेक्ट. मानसशास्त्र शिकवते म्हणून या ठिकाणी नाक खुपसते. २०१० साली नायहन आणि रायफलर या दोघांच्या प्रयोगात असं दिसलं की इराककडे महासंहारक शस्त्रं नव्हती ही दुरुस्ती वाचून काही लोकांचा शस्त्रं असल्यावरचा विश्वास उलट वाढला. ही कल्पना इतकी गोड लागली की सगळ्या जगाने उचलली. प्रत्येकाला आपली एखादी हट्टी काकू आठवली असणार! मग वुड आणि पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त माणसं आणि ५२ वेगवेगळे विषय घेऊन तेच तपासलं, २०१९ साली छापलं. उलटा परिणाम जवळजवळ कुठेच सापडला नाही. योग्य माहिती दिली की बहुतेक लोक, थोडे का होईना, तथ्याच्या बाजूला सरकतात.

आमच्या विषयात हे नवीन नाही. २०१५ साली नामांकित नियतकालिकांत छापलेले १०० मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा निकाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष ‘लक्षणीय’ होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच टिकला. तेव्हापासून मी वर्गात कुठलाही गोड प्रयोग सांगताना घसा खाकरते.

तुमच्या काकूंबद्दल: त्यांना कबुतरांपासून आजार होतो हे बहुधा पटलंही असेल. पण दाणे टाकणं हा त्यांच्यासाठी माहितीचा मामला नाही, पुण्याचा आहे, कदाचित दिवसातल्या एकमेव ठरलेल्या कामाचा आहे. तथ्य पटणं वेगळं आणि हात थांबणं वेगळं.

कोलशेतकर, तुमच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. चियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. ‘आजवर अनेकांनी तुकडे नेले, त्यामुळे उद्यानाची हानी झाली’ या पाटीपाशी जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले. ‘कृपया नेऊ नका’ या पाटीपाशी २ टक्क्यांहूनही कमी. पहिली पाटी रागावते खरी, पण रागावता रागावता ‘सगळेच नेतात’ हेही सांगून टाकते. आता तुमच्या सोसायटीचा फलक वाचा. त्यावर ‘अनेक सभासद सूचना देऊनही दाणे टाकत आहेत’ असंच लिहिलेलं असणार, पैज लावते.

(घसा खाकरून: हा एकाच जागेचा अभ्यास आहे. याच जातकुळीचा, हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरण्याबद्दलचा गाजलेला प्रयोग जर्मनीत केला तेव्हा तसा जमला नव्हता. पण फलक बदलायला खर्च शून्य आहे, म्हणून सुचवते.)

कोलशेतकर

पैज जिंकलात. फलकावर शब्दशः हेच आहे, वर तीन उद्गारचिन्हं.

वाशीचा म्हातारा

बासल शहराचा कुणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. स्वित्झर्लंडमधलं हे शहर. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली, तरी संख्या २० हजारांच्या आसपासच. मारलं की जागा रिकामी होते, अन्न तेवढंच असतं, पिल्लं जास्त जगतात. मग हाग-वाकरनागेल या जीवशास्त्रज्ञाने १९८८ पासून दुसरी वाट धरली. खाऊ घालणं थांबवा म्हणून शहरभर प्रचार केला, आणि सोबत काही ठरावीक ठिकाणी देखरेखीखालची खुराडी ठेवली, तिथली अंडी काढून घ्यायची. पन्नास महिन्यांत मोजणीतल्या थव्यांमधल्या कबुतरांची संख्या १४०० वरून ७०८ वर आली.

त्यामुळे जाळ्या लावायच्या त्या जरूर लावा, पण जाळीने कबुतर बी विंगमधून सी विंगमध्ये जातं, एवढंच. संख्या ठरते दाण्यावर. आणि प्रचारात त्यांनी ‘कबुतर वाईट’ असं म्हटलं नव्हतं. गर्दीमुळे कबुतरांचेच हाल होतात, त्यांच्यात रोग पसरतात, पिल्लं मरतात, हे दाखवलं होतं. नौपाडेवाली, तुमच्या काकूंशी बोलायला हा रस्ता जास्त बरा नाही का?

नौपाडेवाली

बघते. काका, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

वऱ्हाडी मुक्काम ऐरोली

नोकरीपायी ऐरोलीत असलो तरी घर आर्णीजवळ, घरी कापूस. वरचं सगळं वाचून राहवलं नाही. तुम्ही विचारताय संशोधन खरं की खोटं. मी सांगतो, संशोधन शंभर टक्के खरं असतं आणि तरी माणूस बुडतो बाप्पा.

बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. जिवाणूचं एक जनुक, बोंडअळीने पान-बोंड खाल्लं की तिचं आतडं खलास. २००६ मध्ये दोन जनुकांचं बीजी-२ आलं. पहिली काही वर्षं फवारण्या खरंच कमी झाल्या, हे मी डोळ्याने पाहिलेलं आहे. मग गुजरातमध्ये शेंदरी अळी पहिल्या जनुकाला पुरून उरली, हे बियाणं आणणाऱ्या मोन्सॅन्टो कंपनीनेच २०१० मध्ये कबूल केलं. पुढे बीजी-२ सुद्धा गेलं. आणि २०१७ मध्ये आमच्याकडे वरून हिरवंगार बोंड फोडलं की आत अळी. त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते तर सगळ्यांना ठाऊक आहे.

पण हे होणार असंही संशोधनानेच सांगितलं होतं! बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं, बांधाच्या कडेने लावायला. का? तर त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा संयोग एखाद्या प्रतिकारक पतंगाशी व्हावा आणि होणारी पिल्लावळ पुन्हा बीटीवर मरावी. आता मला सांगा, कर्ज काढून पेरणारा माणूस अळीला खाऊ घालायला मुद्दाम ओळी लावील का? ते पाकीट कित्येकांच्या बांधावर तसंच पडलेलं असायचं.

टपरीबाज

कबुतरावरून कापसावर. धागा ठाण्याहून सुटला तो थेट यवतमाळ, मधे थांबा नाही.

वऱ्हाडी मुक्काम ऐरोली

थांबा आहे ना. एका फ्लॅटने दाणे टाकले तर अख्ख्या डक्टला कबुतरं, आणि एका शेतकऱ्याने फरदड ठेवली तर अख्ख्या शिवाराला अळी. ज्यांना शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: वेचणी संपल्यावर झाड उपटायचं सोडून पाणी देऊन आणखी कापूस घेतात, ती फरदड. डिसेंबरात पीक संपवा, पऱ्हाट्या (वाळलेली झाडं) शेतात ठेवू नका, मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावा, सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले की मगच फवारा, डोमकळ्या (आत अळी असलेल्या, न उमलणाऱ्या कळ्या) दिसल्या की तोडून टाका. नागपूरची कापूस संशोधन संस्था हे ओरडून सांगते. सगळ्यांनी एकदम केलं तरच फळ. मी एकट्याने करून शेजाऱ्याचा पतंग थांबत नाही.

वाशीचा म्हातारा

वऱ्हाडी, हे विषयांतर नाहीच. उलट पुढे नेतो. आयुष्य वनस्पतींच्या प्रयोगशाळेत गेलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

हीच शेंदरी अळी, हेच जनुक, आणि ॲरिझोना. (मनोगतींचं उद्यानही तिथलंच, योगायोग.) तिथे १९९६ पासून बीटी कापूस. पहिली दहा वर्षं शेतकऱ्यांनी बिगर-बीटी पट्टे बऱ्यापैकी इमानदारीने ठेवले. मग २००६ ते २०१४ या काळात किरणोत्साराने वांझ केलेले पतंग विमानांतून सोडले, सगळे मिळून ११ अब्जांहून जास्त. २०१८ मध्ये अमेरिकेने ही कीड आपल्या कापूस पट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. तेच तंत्रज्ञान एकीकडे कीड संपवतं, दुसरीकडे निकामी होतं.

त्याहून मजेदार चीनचं. यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी स्वस्तात पडतं म्हणून संकरित बीटी कापसाच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरलं. दुसऱ्या पिढीत जनुकं झाडाझाडांत वेगवेगळी वाटली जातात, साधारण चौथा हिस्सा झाडं बिगर-बीटी निघतात. कुणी ठरवलं नव्हतं, पण शेतभर आपोआप आश्रयाची झाडं तयार झाली, आणि वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. वऱ्हाडी म्हणतात ते पाकीट तिथे नकळत पेरलं गेलं.

आणि आपल्याकडेही एक गोष्ट लोक विसरतात. हिरवी अमेरिकन बोंडअळी बीटीने बऱ्याच अंशी आटोक्यात राहिली. कारण ती तूर, हरभरा, टोमॅटो सगळं खाते, म्हणजे तिचा आश्रय बांधापलीकडे आयताच होता. शेंदरी अळी व्यवहारात कापसावरच जगते. बीटी यशस्वी की अयशस्वी, असा वाद घालणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठली अळी?

मनोगती

वऱ्हाडीदादा, ‘कर्ज काढून पेरणारा’ यावरून आठवलं. २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा अभ्यास आला होता. त्याच शेतकऱ्यांनी तोडणीआधी, हातात पैसा नसताना, बुद्धिचाचणीत कमी गुण मिळवले आणि तोडणीनंतर जास्त. निष्कर्ष असा की ओढाताणीत डोक्याची जागाच व्यापली जाते. त्यावर पुढे बराच वाद झाला, तेव्हा याही वेळी घसा खाकरते. पण वीस वर्षांनंतरच्या अळीसाठी आज चार ओळी सोडा, हे सांगणाऱ्याने ती पेरणी कुठल्या महिन्यात आणि कुणाच्या पैशाने होते ते पाहायला हवं.

खारजमीन

वाचनमात्र होतो, आता राहवेना. आमची पेण बाजूला थोडी खार जमीन आहे, उधाणाचं पाणी शिरतं. मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताची दोन वाणं जाहीर झाली, त्यातलं एक खारवट जमिनीसाठी म्हणे. वाशीकर काका, हे बीटीसारखंच प्रकरण का? आणि मी ते लावावं का?

वाशीचा म्हातारा

बीटीसारखं नाही. बीटीत बाहेरचं, जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. इथे भाताच्या स्वतःच्या जनुकात क्रिस्पर नावाच्या जनुक-कात्रीने छोटी खोड केली आहे, परकं काही ठेवलेलं नाही. म्हणून २०२२ मध्ये केंद्राने अशा वाणांना जनुक-परिवर्तित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. तुम्ही म्हणता ते पुसा डीएसटी राइस-१, एमटीयू १०१० या वाणावरून केलेलं. दुसरं कमला, सांबा महसुरीवरून, ते सुमारे वीस दिवस लवकर तयार होतं असा दावा. (आम्ही ट्रॉम्ब्यात किरणं मारून भुईमुगाची वाणं काढली, टीएजी-२४ तुम्ही खाल्लेलाही असेल. त्यात जनुकं कुठेकुठे बदलली हे कुणी विचारलं नाही. नेमका बदल केला की मात्र लोक घाबरतात. असो, हा म्हाताऱ्याचा जुना राग.)

लावावं का? संस्थेच्या प्लॉटवरचा क्षार आणि पेणचं उधाण एक नाही. तुमच्याकडे क्षाराबरोबर पाणी साचणं आहे, खोडकिडा आहे. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने याच पट्ट्यासाठी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणं साध्या पैदाशीने काढलेली आहेत. नवीन वाण हाती आलं तर एका खाचरात ते आणि शेजारच्या खाचरात पनवेल-३ लावा. दोन्हीची मळणी वेगळी करा. तुमच्या बांधावर तोच खरा अभ्यास.

खारजमीन

पनवेल-३ घरात आहेच. करतो.

कोलशेतकर

धागा भरकटला असं वाटत असताना माझं टिपण तयार झालं. ‘४७ टक्के’ काढून टाकलं. कूलरचं वाक्य ठेवलं, कारण वरच्या मजल्यावर चार-पाच कूलर आहेत आणि त्यांचे मालक दाणे-विरोधी तटाचे पुढारी आहेत. सभेत मजा येईल. बासल आणि दाणेबंदी घेतली. जुना फलक जाऊन नवा असा:

‘बहुतेक सभासद कबुतरांना दाणे टाकत नाहीत. आपणही टाकू नयेत ही विनंती. कूलरचं पाणी रोज बदला, गवत दर हंगामात बदला. सभेनंतरच्या रविवारी सकाळी सर्व विंगचे डक्ट झाडून घेतले जातील.’

मनोगती, पहिलं वाक्य खरं आहे बरं का, मोजून लिहिलंय.

श्वासमात्र

शेवटचं वाक्य ताबडतोब बदला. ‘झाडून’ नको. वर्षानुवर्षांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडली की त्या सकाळी सगळ्या विंगच्या स्वयंपाकघरांत आणि न्हाणीघरांत तीच धूळ. आधी पाणी मारून पूर्ण भिजवायचं, मग ओलं खरवडून पिशवीत बांधायचं. त्या वेळेत डक्टकडच्या खिडक्या बंद, एक्झॉस्ट पंखे बंद. दमा किंवा जुना खोकला असलेल्यांनी त्या सकाळी तलावपाळीला फेरी मारून यावं. आणि जो माणूस डक्टमध्ये उतरणार आहे त्याला एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा सोसायटीने द्यायचा. खर्च सभेतच मंजूर करून घ्या, नाहीतर तो रुमाल बांधून उतरेल.